बुध मावळायला तीन मिनिटं

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे आणि माझ्या काचेला बुरशी लागली आहे. लपवून काय उपयोग? त्या बुरशीनेच घात केला.

एका घड्याळजींनी मला स्वतःच्या हातांनी जुळवलं. गुरूचे चंद्र, शनीची कडी, सगळं मी त्यांना दाखवलं. गल्लीतली माणसं गच्चीवर रांग लावून माझं कौतुक करत. राहिला फक्त बुध. तो सूर्याला सोडून लांब जातच नाही. संध्याकाळी जेमतेम अर्धा तास दिसतो, तोही वर्षातले मोजके दिवस. आणि कामावरून परतणारी माणसं बंद पडलेली घड्याळं घेऊन नेमकी त्याच वेळी दुकानात येत. "पुढच्या खेपेला बघू," म्हणता म्हणता घड्याळजी म्हातारे झाले. एकदा दवात भिजलेल्या मला त्यांनी तसंच पेटीत ठेवलं आणि अकरा वर्षं मी तिथेच पडून राहिले.

मला बाहेर काढलं तेव्हा त्यांचा एक डोळा काचबिंदूने गेला होता. दुसराही जायच्या वाटेवर होता. बुधाच्या पुढच्या खेपेपर्यंत तो टिकेल असं डॉक्टर म्हणेनात. त्यांची लेक रोज हात धरून त्यांना गच्चीवर आणू लागली. पाच संध्याकाळी ढगांनी खाल्ल्या. सहावी त्या खेपेतली शेवटची होती.

दोन इमारतींमधल्या फटीत बुध उतरणार होता आणि सात एकवीसला मावळणार होता. लेक माझ्यातून शोधत होती.

"सापडला का गं?"

"थांबा ना बाबा, शोधतेय."

"अगं, मी थांबेन, तो थांबतोय का!"

तिला रडू यायला लागलं. शेवटी तिने मला शेजारच्या टाकीवरच्या बारीकशा दिव्याकडे वळवलं. वळताना बुध माझ्या काचेतून गेला हो! बुरशीमागचा तो पुसट ठिपका तिच्या लक्षातच आला नाही. मी जिवाच्या आकांताने ओरडले असते, पण मला तोंड कुठे आहे?

"सापडला! बघा, बाबा."

त्यांनी डोळा लावला आणि ते हसले. मग म्हणाले, "आता हात लावू नकोस हं." आणि ते सेकंद मोजू लागले. दुर्बीण हलवली नाही, तर खरा ग्रह सरकत सरकत काचेबाहेर जातो. जन्मभर घड्याळं तपासलेला माणूस खात्री केल्याशिवाय कसा राहील? एकशे ऐंशीवर ते थांबले.

"बाळा, हा सरकत नाही. दिवा आहे हा."

लेकीने धडपडत मला फटीकडे वळवलं. तिथे काहीच नव्हतं.

"किती वाजले?"

"सात बावीस." ती हुंदके देऊ लागली. "बाबा, मला वाटलं, तुम्हाला निदान बरं वाटेल."

"वाटलं ना," ते म्हणाले. "आता मावळला तो. चल, जिन्यात अंधार होईल."

मित्रांनो, भिजलेली दुर्बीण पुसून, सुकवून मगच पेटीत ठेवा, एवढं तरी ऐका. आणि ज्याची नजर चालली आहे, त्याला नाही सापडलं तर नाही सापडलं असंच सांगा. त्या मायेच्या खोट्याने घड्याळजींची तीनच मिनिटं घेतली. पण त्यांच्याकडे तेवढीच उरली होती.