ओनेला उत्तर

"हा शनिवारी घालायचा," असं म्हणत क्लबच्या मॅनेजर कॉलीन हॅडिक्सनं इस्त्रीच्या टेबलावर नवा कोरा गणवेश ठेवला.

एलव्हानी चादरींचा तिसरा ढीग संपवत होती. तिनं हात पुसून गणवेश उचलला. पांढराशुभ्र कपडा, खिशावर सोनेरी दोऱ्यानं भरलेलं 'प्रेविट' आणि त्याखाली पितळी पट्टीवर तिचं नाव : एली.

"माझं नाव एलव्हानी आहे, मॅडम."

"अगं, माहितीये मला. पण टीव्हीवर एली बरं वाटतं. चटकन तोंडात बसतं."

एकोणीस वर्षं क्लबच्या धुलाईघरात घालवूनही एलव्हानी हे नाव कुणाच्या तोंडात बसलं नव्हतं. प्रेविट हे नाव मात्र बसलं होतं, कारण त्या नावापासून सुटकाच नव्हती. साबणावर प्रेविट, पाण्याच्या बाटलीवर प्रेविट, पायातल्या मऊ चपलांवर प्रेविट. मालक प्रेविट एकेकाळी राज्याचे गव्हर्नर होते आणि आता सिनेटला उभे होते. पुलाच्या अलीकडच्या या बेटावर, समुद्राला लागून असलेला त्यांचा हा क्लब. इथलं सभासदत्व मिळावं म्हणून भलेभले वर्षानुवर्षं ताटकळत असत. आत शिरले की सगळे सोनेरी 'प्रेविट'वाल्या झग्यात पोहायच्या तलावाकाठी पडून राहत. ते झगे धुवायला पुलापलीकडून हैतीच्या बायका येत.

आणि तीन आठवड्यांपूर्वी याच गव्हर्नरसाहेबांनी भरसभेत सांगितलं होतं, "हैतीचे लोक एकदा घरात शिरले, की ते घर धुऊन काढावं लागतं!" सभा खदखदून हसली होती. त्या दिवशी एलव्हानी त्यांचाच झगा पिळत होती. धुलाईघरातल्या टीव्हीवर तिनं ते ऐकलं, टीव्ही बंद केला आणि झगा वाळत टाकला. पण त्या दिवसापासून तिच्या जिभेवर काहीतरी कडवट बसलं होतं, ते कॉफीनंही जाईना.

हॅडिक्सबाई आता मुद्द्यावर आल्या. सभेतल्या त्या वाक्यावरून पेपरवाले साहेबांच्या हात धुऊन मागे लागले होते. म्हणून शनिवारी सकाळी टीव्हीवाले येणार होते, कार्यक्रम थेट दाखवणार होते. साहेब स्वतः खाली धुलाईघरात येतील. दारात उभे राहतील.

"आणि तुमच्या भाषेत म्हणतील, ओने! तू म्हणायचं, रेस्पे! मग ते आत येतील, तू त्यांना टॉवेल द्यायचा, झालं. किती गोड दिसेल! तुम्ही सगळ्याजणी रोज म्हणता ना दारात? मीच सुचवलं साहेबांना."

हॅडिक्सबाईंचा समज असा, की हे आपल्या गुड मॉर्निंगसारखं काहीतरी असावं. एकीनं म्हणायचं, दुसरीनं म्हणायचं, की संपलं. एलव्हानीच्या गावी, डोंगरातल्या दोन खोल्यांच्या घरांतसुद्धा, कुणी चिमूटभर मीठ मागायला आलं तरी अंगणाच्या कडेला थांबून हाक देई : ओने. म्हणजे, या घराला मान असो. आतून घरचं माणूस म्हणे : रेस्पे. म्हणजे, तुलाही आहे, ये. ते उत्तर आलं नाही तर पाहुण्यानं आल्या वाटेनं परत फिरायचं. उत्तराविना आत शिरायचे ते चोर, नाहीतर हुकूमशहाचे शिपाई.

"काय, जमेल ना?" हॅडिक्सबाईंनी विचारलं. "धुलाईघराची मुख्य म्हणून तुझंच नाव पुढे केलंय मी. सहा वर्षं काम तर तूच बघतेस. आणि हो, तुझ्या नवऱ्याचं, फ्रिट्झनरचं, डोळ्यांचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ना? बरंय बाई, विमा आपल्या क्लबचा आहे."

त्या हसल्या. ते हसू एलव्हानीला बरोबर कळलं.

"तुम्ही सांगाल तिथे उभी राहीन, मॅडम," ती म्हणाली.

बाई गेल्यावर रोझमेन पुढे आली. धुलाईघरातली सगळ्यात तरुण, एलव्हानीला सगळ्यांसारखीच 'तांत', म्हणजे मावशी, म्हणणारी.

"तांत, एक शब्द तर आहे. टाक म्हणून आणि हो मोकळी. त्याला काय कळतंय?"

"त्याला नाही कळत. मला कळतं ना."

"काकांचे डोळे आधी की शब्द आधी?"

एलव्हानी चादरीच्या घड्या घालत राहिली.

शुक्रवारी संध्याकाळी तिनं तळलेली केळी आणि कोबीचं झणझणीत लोणचं, पिकलीझ, फ्रिट्झनरसमोर ठेवलं. सव्वीस वर्षं मायामीत टॅक्सी चालवलेला माणूस. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू इतका वाढलेला, की आता खिडकीचा उजेड तेवढा कळे आणि बाकी सगळं धुकं. ताटलीतली केळी तो बोटांनी चाचपून घेई आणि वर ऐट अशी, की जसा काही निवडून घेतोय.

तिनं सगळं सांगितलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे तो दारात उभा राहून ओने म्हणणार. आणि आपण घरवाले."

"हो."

"आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलतोय म्हण की. त्या घरातली तूच घरवाली. एकोणीस वर्षं साफ कोण ठेवतंय?"

"चेष्टा पुरे, फ्रिट्झनर. मी नाही म्हटलं, की विमा गेला. मग डोळे?"

फ्रिट्झनरनं केळ्याचा तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला.

"ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर पट्टी काढणार. घरी येऊन मी टीव्ही लावणार. आणि पहिलं काय बघणार? माझी बायको त्या माणसाला रेस्पे म्हणतेय. त्यापेक्षा हे धुकं काय वाईट आहे?"

एलव्हानी उठून भांडी घासायला लागली. पाणी सोडलं ते जोरात, म्हणजे तिचं रडणं त्याला ऐकू जाऊ नये. त्याला ऐकू गेलंच. डोळे गेल्यापासून त्याचे कान फार तिखट झाले होते.

शनिवारी धुलाईघर लग्नघरासारखं सजवलं होतं. टॉवेलांचे मनोरे, त्यांवर सोनेरी फिती. यंत्रं बंद, कारण आवाज नको. एलव्हानी नव्या गणवेशात मधोमध उभी, हातात घडी केलेला टॉवेल. रोझमेन आणि बाकीच्या मागे रांगेत. कॅमेऱ्यामागे उभ्या राहून हॅडिक्सबाई बोटांनी हसण्याची खूण करत होत्या.

साहेब आले. उंच, गुलाबी, दातांची रांग चमकणारी. दारात थांबले, हात पसरले.

"ओने, एली!"

एलव्हानीनं सरळ त्यांच्याकडे पाहिलं. तोंड उघडलं नाही.

साहेब हसले. कॅमेऱ्याकडे वळून म्हणाले, "माझे उच्चार कच्चे आहेत हं!" मग पुन्हा, जरा मोठ्यानं, "ओने!"

मागच्या रांगेत रोझमेनलाही तोंड उघडता येईना. बाकीच्याही गप्प. पुलापलीकडे ज्या ज्या घरात हा कार्यक्रम चालू होता, तिथल्या लहान पोरालाही कळलं असेल, की या माणसाला कुणी आत घेत नाहीये.

साहेबांना मात्र ते कळलं नाही. त्यांनी खांदे उडवले आणि पाऊल आत टाकलं.

एलव्हानीनं टॉवेल बाजूला ठेवला. कोपऱ्यातला लांब दांड्याचा पोछा उचलला, बादलीत बुडवून पिळला आणि साहेबांच्या बुटांपुढची फरशी पुसायला लागली. साहेब एक पाऊल मागे सरले. तिनं तीही फरशी पुसली. ते आणखी मागे गेले. असं करत करत ते उंबरठ्याबाहेर पोचले, तेव्हा तिनं पोछा उभा धरला.

"उत्तर मिळाल्याशिवाय आत आलात, साहेब. तेव्हा धुऊन काढावं लागलं." तिचा आवाज जराही चढला नव्हता. "धुतेय ना मी. एकोणीस वर्षं तेच करतेय. आणि माझं नाव एलव्हानी दोर्सेनव्हिल."

हॅडिक्सबाई कॅमेऱ्यापुढे हात आडवे करत धावल्या, पण जायचं ते सगळीकडे गेलं होतं.

पुढचं सगळं अर्ध्या तासात उरकलं. गणवेश परत, चावी परत, विम्याचं कार्ड परत. पितळी पट्टी तिनं स्वतःच काढून टेबलावर ठेवली. बाहेर पडताना रोझमेननं तिच्या पिशवीत तिचा जुना चहाचा मग कोंबला आणि तोंड फिरवून डोळे पुसले. बसमध्ये पुलावरून जाताना एलव्हानीनं पिशवी मांडीवर घट्ट धरली. पुढच्या महिन्याची ऑपरेशनची तारीख तिला पाठ होती, ती विसरता येईना.

घराचं जाळीचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत टीव्ही चालू होता. एलव्हानी पायरीवर थांबली. आपल्याच घरात शिरायला आज तिचं पाऊल उचलेना.

"कोण आहे?" फ्रिट्झनरनं टीव्ही बंद केला. "आलीस?"

"पाहिलंस?"

"मी काय बघणार? पण तू गप्प राहिलीस ना, ते ऐकलं. दोनदा ऐकलं. असं गप्प राहणं मी जन्मात ऐकलं नव्हतं."

"विमा गेला, फ्रिट्झनर. ऑपरेशनचं काय करायचं?"

"बघू," तो म्हणाला, आणि आपल्याच शब्दाला खो खो हसला. तिलाही हसू आलं. तिनं पायरीवरूनच हलकेच म्हटलं, "ओने."

फ्रिट्झनरचं हसू थांबलं. त्यानं खुर्चीचे हात चाचपले. ती मदतीला पुढे व्हायला लागली, तसा त्यानं तळहात वर करून तिला दारातच थांबवलं. उठला. सदरा पँटमध्ये खोचला, गळ्याचं बटण लावलं, ताठ उभा राहिला.

"रेस्पे," तो म्हणाला, "एलव्हानी दोर्सेनव्हिल."

त्याचं तोंड दाराकडे नव्हतं, खिडकीकडे होतं. उजेड तिकडून येत होता. एलव्हानी आत आली आणि खिडकीपाशी, त्याच्या समोर जाऊन उभी राहिली.