कामाचा वास

"हात थांबला तुमचा," बाई म्हणाल्या.

पॉलिशवाल्याने खाली पाहिलं. खरंच थांबला होता. जेवणाच्या टेबलाच्या अगदी मधोमध, मलमलीत गुंडाळलेला कापसाचा बोळा त्याच्या बोटांखाली तसाच टेकून राहिला होता. दोन सेकंद, फार तर तीन. त्याने बोळा उचलला तेव्हा खाली बटणाएवढा खरबरीत डाग उठला होता, आणि कालपासून मारलेले पॉलिशचे सगळे हात त्या एका डागापायी पाण्यात गेले होते.

लाखेच्या पॉलिशच्या धंद्यात पहिल्या दिवशी हीच गोष्ट शिकवतात. बोळा चालता ठेवायचा. टेकवताना चालता, उचलताना चालता. लाख स्पिरिटमध्ये विरघळवलेली असते. बोळा एका जागी थांबला की त्यातलं स्पिरिट खालचे वाळलेले थरसुद्धा सोडवतं. तीस वर्षांत त्याचा बोळा थांबला नव्हता. तो तापात कामावर आला होता, आई गेली त्या आठवड्यात आला होता, सकाळी सकाळी पोटात अर्धी बाटली घेऊनही आला होता. बोळा कधी थांबला नाही. आणि आज, चौतीस दिवस थेंबाला न शिवलेला माणूस भरदुपारी शुद्धीत असताना हे करून बसला. हसावं की रडावं तेच त्याला कळेना.

"बरं वाटत नाही का?" बाईंनी चष्म्यावरून पाहत विचारलं. त्या शाळेतून निवृत्त झाल्या होत्या आणि दोन दिवस खिडकीशी शब्दकोडी सोडवत त्याच्यावर नजर ठेवून होत्या.

"बरंय. खिशात फोन वाजला."

फोन वाजला होता हे खरं. मुलीचा निरोप होता: साडेपाचला येते, दोघी येतो. दोघी म्हणजे ती आणि तिची दहा महिन्यांची लेक. चांगली बातमी होती, आणि पंचाईत तीच होती. चांगली बातमी आली की त्याचा घसा सुकायचा. वाईट आली तरी सुकायचा. इतक्या वर्षांत घशाने दोन्हींत कधी फरक केला नव्हता.

"मग आता?"

"धुऊन काढावं लागेल. सगळं."

"मुलगी येणार आहे म्हणत होतात ना तुम्ही? मग जा घरी. टेबल कुठे पळून जातंय?"

"रात्रभर वाळलं तर उद्या लाकडापर्यंत घासत बसावं लागेल, बाई."

हे खोटं नव्हतं, पण सगळं खरंही नव्हतं. बायकोने सकाळीच सांगितलं होतं, आज सुट्टी घ्या म्हणून. पण सुट्टी म्हणजे संध्याकाळपर्यंत घरात बसणं आणि रिकामे हात. गेल्या महिन्यात त्याला एक गोष्ट चांगलीच कळली होती, की आपण दारूला जितके घाबरतो त्याहून दुपारी तीन ते सहा या वेळेला जास्त घाबरतो. एवढा एक शेवटचा हात मारून येतो, दोन तासांत परत, असं सांगून तो दुपारी निघाला होता.

त्याने फडकं घडी केलं आणि स्पिरिटच्या कॅनचं झाकण उघडलं.

पॉलिशमध्ये लाख मिसळलेली असते, तिचा गोडसर वास स्पिरिटला थोडं दाबून ठेवतो. धुवायला लागतं ते नुसतं स्पिरिट, आणि तेही मोजून मापून नाही. अख्ख्या टेबलावर ओतायचं, चोळायचं, पुन्हा ओतायचं. ते त्याच्या मनगटावरून ओघळलं, बाहीत शिरलं, पोटाशी शर्ट भिजला. हे स्पिरिट तो कधीच प्यायला नव्हता. ते पिऊन डोळे गमावलेले दोघे जण त्याच्या ओळखीचे होते. पण नाकाला एवढी अक्कल कुठली? नाकाने घशाला सांगितलं, घशाने पोटाला, आणि पोटातून काहीतरी उठून छातीत धडधडू लागलं. उगाचच वाटू लागलं की काहीतरी वाईट घडणार आहे, घडतंच आहे, आणि ते फक्त आपल्यालाच माहीत नाही. एक घोट पोटात गेला की हे सगळं गप्प होईल, हेही त्याला नीट ठाऊक होतं. सगळ्यात वाईट तेच होतं. औषध ठाऊक होतं.

"जरा फोन करून येतो," तो म्हणाला आणि बाल्कनीत गेला.

दारू सोडलेल्यांच्या मंगळवार-शुक्रवारच्या बैठकीत भेटलेला एक निवृत्त कंडक्टर होता. नऊ वर्षं कोरडा. कुठल्याही वेळी फोन कर म्हणायचा आणि खरंच उचलायचा.

"बोल."

"दादा, तलफ आलीय."

"कुठे आहेस?"

"कामावर. स्पिरिटनं टेबल धुतोय."

कंडक्टर म्हणाला, "तुला दुसरा धंदा नाही मिळाला रे जगात? काही खाल्लंस?"

"सकाळी."

"काहीतरी गोड खा आधी. आणि घड्याळ बघ. किती वाजले?"

"तीनला दहा कमी."

"तीन-दहापर्यंत उभा राहा. अरे, बस आहे ती. थांब्यावर येणार, दार उघडणार, तुझ्या नावानं बोंबलणार. तू फक्त चढू नकोस. मी एवढी वर्षं घंटी मारलीय, कुठलीच बस थांब्यावर मुक्काम करत नाही."

"आणि मागून दुसरी आली तर?"

"येणारच. तिच्यात पण चढू नको."

"कंटाळा आला दादा."

"तो येतो," कंडक्टर म्हणाला. "त्याच्यावर मला पण अजून औषध नाही मिळालं."

बाईंनी न विचारता साखरेचं सरबत आणि चार बिस्किटं आणून कठड्यावर ठेवली. त्यांनी ऐकलं होतं की नाही, कोण जाणे. त्याने सरबत दोन घोटांत संपवलं आणि कठडा धरून खालचा रस्ता बघत राहिला. तीन-दहाला गेली नाही. सव्वातीनच्या सुमारास कधीतरी गेली, आणि ती गेल्याचं त्याला नंतरच कळलं. अंगातलं सगळं बळ मात्र घेऊन गेली. तो आत आला, टेबल धुऊन कोरडं केलं, दोन पातळ हात मारले, आणि साडेचारला बाईंना म्हणाला, "उद्या पूर्ण करतो. तोवर हात लावू नका."

"मी नाही लावला, तुम्हीच लावलात," बाई म्हणाल्या. तोही जरासा हसला.

मोरीवर त्याने कोपरापर्यंत तीनदा साबण लावला. हातांचा गेला, नखांतला राहिला. शर्टाचं तर काही करताच येत नव्हतं. पाचपर्यंत घरी पोचलो की अंघोळ, धुतलेले कपडे, मग येऊ दे तिला, असा त्याचा हिशेब होता. पण घरचा सरळ रस्ता दारूच्या दुकानावरून जायचा, आणि त्या रस्त्याने त्याने चौतीस दिवस पाऊल टाकलं नव्हतं. शाळेच्या मागून वळसा घालून जायला वीस मिनिटं जास्त लागत. कोपऱ्यावर तो क्षणभर थांबला. आज उशीर झालाय, आज एक दिवस सरळ गेलं तर काय बिघडतं, असं मनात आलं. असे एक-एक दिवस आपल्याला कुठे नेतात ते आठवलं, आणि तो वळसा घालून गेला.

म्हणूनच जिना चढताना ती त्याला दिसली. पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. मुलगी दारात उभी होती, खांद्यावर लेक, पाठीला पिशवी. आत बायको दाराची कडी धरून तिला ये म्हणत होती. मुलगी लवकर आली होती. लवकर यावंसं वाटलं होतं तिला, एवढ्यावरूनच त्याला गलबलून आलं.

तिने वळून पाहिलं. आधी चेहरा उजळला. मग नाकपुड्या किंचित फुगल्या, आणि चेहऱ्यावरचं सगळं आवरून घेत ती म्हणाली, "बाबा."

आणि त्याच्या तोंडून ते वाक्य निघून गेलं. "कामाचा वास आहे."

बोलल्याबरोबर त्याला जीभ चावावीशी वाटली. जगातलं कुठलंही वाक्य चाललं असतं. हे एक वाक्य त्याने अठ्ठावीस वर्षं वापरून वापरून पार झिजवलं होतं. रोज संध्याकाळी, याच दारात, याच जिन्यावर. पॉलिशवाल्याच्या अंगाला स्पिरिटचा वास येणारच, त्याला कोण काय म्हणणार? पिणाऱ्याला इतका सोयीचा धंदा दुसरा नसेल. दहा महिन्यांपूर्वी प्रसूतिगृहातही तो हेच म्हणाला होता, आणि त्या दिवशी, फक्त त्याच दिवशी, मुलीने आनंदाच्या भरात त्याच्यावर विश्वास ठेवला होता. एक दिवसाचं बाळ त्याच्या हातात दिलं होतं. त्याचा हात सुटला. नर्स शेजारीच होती, तिने झेललं. बाळ रडलंसुद्धा नाही. त्यानंतर मुलगी या घरी आली नव्हती.

"आई, मी निघते," मुलगी म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"आत ये," बायको म्हणाली. "कामाचाच आहे."

"तू पण तेच बोलायला लागलीस?"

"मी आजवर कधी बोलले होते?"

मुलगी बोलायला गेली आणि थांबली. आठवू लागली. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभा असलेला तोही आठवू लागला. वाक्य नेहमी त्याचं असायचं. बायको दार उघडायची आणि बाजूला व्हायची. हो म्हणायची नाही, नाही म्हणायची नाही.

"तो वास वेगळा असायचा," बायको म्हणाली. "हा नुसता स्पिरिटचा आहे. मला कळतं."

"कधीपासून कळतं?" मुलीने विचारलं.

"लग्नाच्या पहिल्या वर्षापासून. चल, बाळाला वारा लागतोय."

मुलगी आत गेली. तो भिंतीला खेटून, तिच्यापासून जमेल तितका लांबून, थेट न्हाणीघरात शिरला.

नळ सोडून बसल्यावर तलफ पुन्हा आली. दुपारच्यापेक्षा जोरात आली. बादली भरून वाहू लागली तरी तो बसूनच होता. न्हाणीघरात घड्याळ नव्हतं, म्हणून त्याने तांबे मोजले. बाहेरून बाळाचा आवाज येत होता, मुलगी काहीतरी सांगत होती. चाळीस तांबे झाल्यावर त्याने नळ बंद केला.

धुतलेला शर्ट घालून तो स्वयंपाकघरात गेला. बायको गॅसपाशी उभी होती, त्याच्याकडे पाठ करून.

"माहीत होतं, तर बोलली का नाहीस कधी?"

"बोलले होते ना एकदा. सुरुवातीला." तिने गॅस बारीक केला. "तुम्ही चार दिवस घरीच आला नाहीत. आठवत नसेल तुम्हाला. मग मी म्हटलं, कामाचा तर कामाचा."

त्याने कप काढून तिच्यापुढे ठेवले.

"निदान दार उघडलं की समोर असायचात," ती म्हणाली आणि चहाचे कप मांडू लागली.

त्याला खरोखरच आठवत नव्हतं. आपण हिला अठ्ठावीस वर्षं फसवलं याची शरम तो महिनाभर वाहत होता, आणि तिची थोडीफार सवयही झाली होती. पण बायको फसलीच नव्हती, तिने रोज समजून उमजून दार उघडलं होतं. ही शरम नवी होती, पहिलीपेक्षा जड होती, आणि ती आजपासून वाहायची होती. त्याला फार थकल्यासारखं झालं.

"बाबा," बाहेरून मुलगी म्हणाली. "हिला जरा घ्याल का? हात धुवायचेत मला."

तो बाहेर आला. हात कापत होते. दारू सोडायची औषधं चालू असेपर्यंत कापणार, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्याने ते लपवले नाहीत. खुर्ची होती, पलंग होता, पण तो खाली जमिनीवर बसला. पाठ भिंतीला लावली, पाय समोर पसरले, दोन्ही बाजूंना उशा ओढून घेतल्या. पडायला कुठे जागाच उरली नाही, तेव्हा म्हणाला, "हं, दे."

मुलीने वाकून लेक त्याच्या मांडीवर ठेवली. बाळाने त्याच्या ओल्या केसांकडे पाहिलं आणि शर्टाचं बटण मुठीत धरलं. त्याने दोन्ही हातांनी तिला वेढा घातला, कापत्या हातांनीच.

मुलगी हात धुवायला गेली नाही. तिथेच, हाताच्या अंतरावर उभी राहिली. त्याला त्याचं वाईट वाटलं नाही. तिने उभंच राहावं, असं त्यालाही वाटत होतं.