हेडमास्तरांची पाच बटणं

हेडमास्तरांना अर्धांगाचा झटका आला त्या सकाळी माझी बॅग भरून तयार होती. तीस वर्षं या नवऱ्याने मला बोटाने टेबल वाजवून बोलावलं होतं. मी बहिणीकडे कायमची निघाले, तर हे न्हाणीघराच्या दारात आडवे! लोळागोळा झालेल्या माणसाला टाकून कसं जाणार? लोकांनी तोंडात शेण घातलं असतं.

दवाखान्यातून घरी आल्यावर मी त्यांच्या कानात सांगितलं, "अहो, लवकर बरे व्हा. शर्टाची पाच बटणं स्वतःच्या हाताने लावलीत की मी चालले."

व्यायाम शिकवणारी मुलगी म्हणाली होती, हातात काही देऊ नका, खुणा समजून घेऊ नका, बोलायला लावा. आंधळा मागतो एक डोळा! मी चहा दोन हात लांब ठेवायचे. टेबल वाजलं की बहिरी व्हायचे. "च" म्हणाले की अर्धा कप, "चहा" म्हणाले की पूर्ण. नणंद आली की मात्र त्यांना भरवायची, तोंड पुसायची, "माझं बाळ ते," म्हणायची. हेडमास्तर संतापाने लालबुंद व्हायचे.

"वहिनी, किती दुष्ट आहेस गं! मी नेते याला माझ्याकडे," ती म्हणायची.

"अजून नको, वन्सं."

तिच्याकडे गेले असते तर जन्मात उठले नसते, आणि मला धडधाकट नवरा सोडून जायचं होतं. पडलेल्याला लाथ मारण्यात काय मजा!

सात महिन्यांनी, एका मंगळवारी, मी दाराच्या फटीतून पाहिलं. हेडमास्तरांनी स्वतःच पाचही बटणं लावली होती. मी लगेच बहिणीला कळवलं.

गुरुवारी ती मुलगी तपासायला आली. तिने शर्ट घालायला दिला. हेडमास्तरांचा हात थरथरला, बटण निसटलं, पुन्हा निसटलं.

"अजून सहा महिने तरी लागतील, काकू," ती बिचारी म्हणाली.

तोंडाच्या धड बाजूने हे माझ्याकडे बघून हसले. जन्मभर पोरांना नापास करणारा माणूस मुद्दाम नापास झाला होता, का तर मी घरात अडकून पडावं म्हणून! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिथूनच नणंदेला फोन लावला.

"वन्सं, तुमचंच खरं. घेऊन जा तुमच्या बाळाला."

हेडमास्तरांनी भराभर बटणं लावली, पाचही, आणि उठून उभे राहिले.

"नको," ते म्हणाले. अगदी स्पष्ट.

तीस वर्षं हा शब्द मी म्हणत आले होते. त्यांनी एकदाही ऐकला नव्हता. मीही ऐकला नाही.