दंड वाळेपर्यंत

“पोर हिकडं दे,” म्हणत चंद्राबाईनं बयाच्या कडेवरच्या धुळाजीचं मनगट धरलं, तेव्हा त्याच्या दंडावरची लस अजून ओली होती. पोर वर्षाचंही नव्हतं. रडून रडून त्याचा आवाज बसला होता. बया त्याला घेऊन देवळामागं निघाली होती, आणि बाया देवळामागं कशाला जातात हे माले गावात चंद्राबाईइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

देवी डॉक्टर हैबतराव पौडाहून सायकलवर येत आणि देवळाच्या ओसरीवर बसून पोरांना देवी टोचत. दातेरी फिरकी दंडावर दाबून फिरवली की पोर किंचाळे आणि आईच्या जिवाचं पाणी होई. मग ती पोराला आडोशाला नेऊन ओल्या पदरानं दंड पुसून टाके. पुसला की ताप नाही, सूज नाही आणि देवीचा राग ओढवून घेणंही नाही. हैबतरावांच्या हे ध्यानात आलं तेव्हा त्यांनी चंद्राबाईला ओसरीच्या टोकाला बसवलं. दंड वाळेपर्यंत पोर धरून ठेवायचं, एवढंच तिचं काम. त्याला ना पगार होता ना नाव.

तिलाच का, हे त्यांनी लपवलं नव्हतं. चंद्राबाईचा चेहरा देवीच्या वणांनी कपाळापासून हनुवटीपर्यंत भरलेला होता आणि उजव्या डोळ्यात फूल पडलेलं होतं. तुमच्याकडे बघितलं की बाया मुकाट ऐकतात, असं ते सरळच म्हणत.

चंद्राबाईच्या लेकीला, रत्नाला, हे त्या दिवाळीच्या सुट्टीत कळलं. ती पुण्यात मुलींच्या शाळेत शिकवत होती आणि सुट्टीला घरी येताना कपड्यांपेक्षा पुस्तकंच जास्त आणत होती. सकाळी चुलीपाशी ती आईला चिडून म्हणाली होती की तो माणूस तुला जत्रेतल्या चित्रासारखी मांडून बसवतो, आणि तू बसतेस.

चंद्राबाईनं भाकरी उलटली. “तोंड हाय ते हाय. घरात ठिवून काय त्याचं लोणचं घालू?”

तरीही रत्ना आईच्या मागोमाग आली आणि ओसरीच्या पायरीवर बसून राहिली.

बया आणि तिचा नवरा सिद्धू मेंढरं घेऊन देशावरून कोकणात निघाले होते. दरवर्षी दिवाळी झाली की धनगरांचे असे वाडे, मेंढरांसकट फिरती बिऱ्हाडं, मुळशीच्या वाटेनं जात, ताम्हिणीचा घाट उतरत, तिकडच्या भातखाचरांत मेंढरं बसवत आणि पावसाच्या आधी परत येत. या वेळी हैबतरावांनी त्यांना रस्त्यातच गाठलं होतं. घाटाखाली देवीची साथ होती. मुंबईहून कुणी अंगात ताप घेऊन गावी आला, त्याच्या अंथरुणात घरची माणसं निजली, ती बाजाराला गेली, आणि देवी गावोगाव पोचली. अंगावर फोड उठल्यावर कुठल्याच डॉक्टरकडे औषध नसतं, करायचं ते घाट उतरायच्या आधी, असं त्यांनी वाड्यातल्या माणसांना हात जोडून सांगितलं होतं. सिद्धूनं स्वतः दंड पुढं केला. बयानं पोराचा पुढं करू दिला, तोही नवऱ्यानं डोळे वटारले म्हणून.

“सोड मावशी,” बया आता म्हणाली. “वाटंत ह्यो तापला तर म्या काय करू? घाटात टेकायला जागा न्हाई. त्याला बघू का घोडं बघू?”

“ताप दोन दिसाचा असतोय. घोड्यावर बांध त्याला, कोंबड्यांच्या शेजारी.”

“तुला हसाया काय जातंय.”

“मी हसती व्हय? बघ की नीट.”

बयानं पाहिलं आणि नजर खाली घातली. सगळ्याच बाया घालत. पण पोराचा हात तिनंही सोडला नव्हता. एक मनगट दोघींच्या हातात होतं. खाली रस्त्यावर मेंढरं पुढं सरकली होती, आणि सिद्धू तिथूनच ओरडून विचारत होता की दिवस मावळायला निघणार का.

“वाळतोय,” चंद्राबाईनं ओरडून सांगितलं.

मग ती आवाज उतरवून बयाशी बोलली.

“मला बी टोचली व्हती देवी. भूगावला, चावडीम्होरं. मी एवडुशी व्हते. माझ्या आयनं आडोशाला नेलं आन् पदरानं पुसून काडली. लई जीव व्हता तिचा माज्यावर.” तिनं चोळीची बाही वर सारली. “ह्यो बघ दंड. ह्यो तिनं राखला.”

दंड नितळ होता. एकही वण नाही, खूण नाही. त्या चेहऱ्याखाली तो दुसऱ्याच कुणा बाईचा वाटत होता.

बयानं पोराचा हात सोडला.

लस वाळली. हैबतरावांनी पुन्हा एकदा बयाला विचारलं, तुझा दंड? ती पाटी डोक्यावर घेत होती. म्हणाली, आता दंड सुजला तर पाटी काय डाक्तर वाहणार? माझं येताना बघू. सगळे हसले. चंद्राबाईसुद्धा हसली.

घरी येताना रत्ना आईच्या दोन पावलं मागं चालत होती. आईच्या लहानपणी डॉक्टर गावात पोचतच नसतील, अशी तिची आजवर समजूत होती. आजीचं नाव तर या घरात नेहमी मायेनंच निघे. त्या चेहऱ्यापायी आईला बिजवराला, म्हणजे रत्नाच्या वडिलांना, गेणबांना, दिलं होतं, आणि त्याबद्दलही आजीला कुणी बोल लावल्याचं रत्नाला आठवत नव्हतं.

“आजीला कळलं होतं, आपल्या पुसण्यानं झालं ते?”

“कळलं नसंल व्हय?” चंद्राबाई चालता चालता म्हणाली. “ती बोलली न्हाई. मी इचारलं न्हाई. मरस्तवर सगळ्याआधी माझं ताट वाडायची.”

वैशाखात रत्ना मोठ्या सुट्टीला आली होती तेव्हा मेंढरं परत फिरली. दुपारी दारात सिद्धू उभा राहिला. खांद्यावर धुळाजी होता. बया मागं असेल म्हणून चंद्राबाईनं वाकून रस्त्याकडं पाहिलं. मेंढरांमागं एक म्हातारी चालत होती, बया नव्हती.

सिद्धूनं पोराला खाली उतरवलं आणि त्याची डावी बाही वर केली. दंडावर गोल वण उठले होते.

“तिच्याच कुशीत व्हतं पोर,” तो म्हणाला. “फोड फुटल्यावर बी. त्याला काय झालं न्हाई.”

त्यानं पाणी घेतलं नाही. चंद्राबाई पोराचा दंड हातात धरून बसली, वाळायचं काही नसताना. पोर तिच्या चेहऱ्याला अजिबात भ्यालं नाही. त्यावरचा एक एक वण बोटानं दाबत राहिलं, आणि तिनं दाबू दिला.

त्यानंतर ओसरीवर तिची एक रीत बदलली. आईनं स्वतःचा दंड पुढं केल्याशिवाय ती पोराचा हात धरेना. हैबतराव म्हणत, बाई, अशानं पोरंही जातील हातची. ती ऐकत नसे. बाया चिडत, शिव्या देत आणि शेवटी दंड पुढं करत. म्हातारी चेटकीण हाय, असं पलीकडच्या वाडीत म्हणतात, हे तिनं स्वतःच रत्नाला हसत सांगितलं होतं.

तिला साधं थंडीतापाचं निमित्त झालं. सहासष्ट सालच्या माघात निरोप आला, आणि रत्ना एसटीनं पोचेपर्यंत चंद्राबाई गेली होती.

शेजारच्या गोजराबाईनं पाणी तापवलं होतं. दोघींनी मिळून चंद्राबाईला शेवटची अंघोळ घातली. तोंडावरून पाणी ओतताना ते वणावणांत अडत खाली उतरलं. दंडावरून मात्र सरळ ओघळलं. इतक्या वर्षांत त्या दंडावर खूण अशी कशाचीच पडली नव्हती.

गोजराबाईनं पुसायला धडुतं घेतलं. रत्नानं ते तिच्या हातातून काढून बाजूला ठेवलं आणि आईचा दंड आपल्या दोन्ही हातांत धरून ती बसली.

बाहेर माणसं खोळंबली होती. गेणबांनी दाराआडून विचारलं, झालं का गं पोरी, ऊन चढतंय.

“वाळतोय,” रत्ना म्हणाली.