मुका मांडव

हळदीच्या दिवशी अल्लीपूरहून आमच्या गिरडला आवाजी निरोपात गाणं आलं. गाणारी कुंताबाई, म्हणजे माझ्या नातीच्या, अंकिताच्या, होणाऱ्या नवऱ्याची आजी.

‘गिरडच्या विहिणीनं तळले वडे,
कुत्र्यानं चावले तं दात पडे!’

आमच्यात रीत अशी, की विहिणीच्या गाण्याचं उत्तर हळद लागायच्या आत द्यायचं. नाही दिलं, तर तो मांडव मुका. माझा मांडव मुका? मी काय मेले होते?

सुनेचा, उज्वलाचा, मोबाईल सकाळीच हौदात पडलेला, लेक आपला मोबाईल घेऊन हिंगणघाटला गेलेला. उरला घरचा लॅपटॉप; गाणं आलं त्यावरच, उत्तरही त्यावरच भरून धाडायचं. मी पदर खोचून गायले. लावून ऐकलं, तर माशीसुद्धा घोंगावली नाही.

“आत्याबाई, जरा मोठ्यानं म्हना,” सून म्हणाली.

“मोठ्यानं? माह्या आवाजानं गोठ्यातले बैल उठते, अन् हा डबा झोपून राह्यला!”

उज्वलानं माईक चालू आहे का पाहिलं. होता. परवानगी मागत होता, दिली. आवाजाची पट्टी टोकाला नेली, यंत्र बंद करून परत चालू केलं. तरी पडद्यावरची आवाजाची रेघ मेल्या गांडुळासारखी आडवीच.

आमच्या ह्यांनी, भैय्याजींनी, मागून एक थापड हाणली. “टीव्ही असाच सुरू होत जाय.”

“जिंदगीभर तुमाले तेवढंच जमलं. सरका!”

बाहेर बाया हळदीचं ताट घेऊन ताटकळलेल्या. पाटावरून अंकिता ओरडली, “आजी, लवकर वो!”

तेवढ्यात उज्वलानं पडद्याच्या वरच्या काठावर बोट ठेवलं. “आत्याबाई, हे काय होय?”

“दसऱ्याची पूजा. विळा, वखर, ट्रॅक्टर, साऱ्याले हळद-कुंकू लावलं, मंग यालेच काऊन सोडू? कपाळ पाहून मधोमध लावलं, चांगलं कालवून.”

“माईकचं भोक इथंच असते वो! कुंकू वाळून बुजलं पुरं.”

“मंग चूक बनवणाऱ्याची. कान कपाळावर कोन ठेवते?”

उज्वला हसून हसून खाली बसली. मीच दातांच्या कोरड्या ब्रशनं कुंकू खरडलं आणि खेकसले, “ऐकू येते का रे?” रेघ टुणकन उडाली! मग मी सोडते का?

‘अल्लीपूरची कढी लय गाजली,
बेसन शोधाले पाणबुडी लागली!’

गाणं गेलं, तेव्हा कुठं बायांनी हळदीत हात बुडवले. अंकिताचे गाल पिवळे होत होते, तोच कुंताबाईचा निरोप आला. शब्द एक नाही. नुसतं खिदळणं, मग ठसका, मग मागून कोणीतरी, “बुढीले पानी द्या वं!”

मी उज्वलाला म्हटलं, “पानी पिऊ दे तिले. तू चालू कर, दुसरं कडवं घेऊ.”