शिसारी वाजवणारी तबकडी

मित्रांनो, माझ्या अंगाला आजही मोहरीचा वास येतो. मी ग्रामोफोनची एक जुनी, काळी तबकडी आहे. तबकडीला मोहरीचा वास का यावा, हे सांगताना मला अजून किळस येते. पण सांगायलाच हवे. माझ्या पोटात जे संगीत आहे, तेही किळसेचेच आहे.

माझा जन्म जर्मनीतला. एका बंद पडलेल्या ट्रामच्या शेडमध्ये चार सॅक्सोफोनवाले जमले होते. सॅक्सोफोन म्हणजे लग्नाच्या बँडमध्ये तुम्ही पाहता ते वाकडे पितळी वाद्य, ज्याचे रुंद तोंड खालून पुन्हा वर वळते. त्या चौघांपुढे कागद नव्हता. गाणे ठरलेले नव्हते, ताल ठरलेला नव्हता. एकाने सूर काढला की दुसरा त्यावर गुरगुरायचा, तिसरा किंचाळायचा. अशा वादनाला तिकडे मुक्त जॅझ म्हणतात. त्यांच्या वडिलांच्या पिढीने मोठे युद्ध केले होते आणि नंतर जणू काही घडलेच नाही अशा थाटात त्याच वाद्यांवर गोड गोड नाचगाणी वाजवली होती. त्या गोडपणाची या चौघांना शिसारी आली होती. माझ्या दुसऱ्या बाजूला त्यांच्यातला सर्वांत थोराड वादक सूर सोडूनच देतो. तो नुसता श्वास फुंकतो, नळीत थुंकी घोळवतो आणि शेवटी ओकारी यावी तसा आवाज काढतो. त्या वेळी बाकीचे तिघे गप्प होतात.

मला विकत घेणारे थोडेच होते. एका शाळामास्तराने मात्र मला फार जपले. तो गेल्यावर मी त्याच्या बायकोच्या कपाटात पडून राहिले. पुढे तिच्या घरी उपासना नावाची मुलगी भाड्याने राहायला आली. उपासना मूळची निपाणीची. यंत्रांचे भाग बनवणाऱ्या बेळगावातल्या एका कारखान्यात ती इंजिनिअर होती आणि कारखान्याने तिला शिकायला जर्मनीला पाठवले होते. “माझे वडील बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचे,” असे ती एकदा म्हणाली. म्हातारीने लगेच मला कपाटातून काढले आणि तिच्या हाती दिले.

अशी मी निपाणीला आले.

उपासनाचे वडील मायाप्पा. आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीत त्यांचा सॅक्सोफोन वाजला की गल्लीतली म्हातारी माणसेही उंबऱ्यावर येऊन उभी राहायची म्हणे. पण मी आले तेव्हा त्यांनी वाजवणे सोडून बरीच वर्षे झाली होती. छातीत दम राहिला नाही, असे ते सांगत. वाद्य पेटीत होते आणि पेटी माळ्यावर.

उपासनाने बेळगावच्या जुन्या बाजारातून एक रेकॉर्ड प्लेअर आणला. मला ऐकायला शेजारीपाजारी जमले. मायाप्पांचा जुना सोबती शामूही आला. तो त्याच बँडमध्ये ढोल वाजवायचा. सुई माझ्यावर टेकली आणि चौघे एकदम सुटले.

“मायाप्पाण्णा, हे काय म्हनायचं?” शामू मांडीवर थाप मारून म्हणाला. “डुकरं धरायची गाडी आल्यागत वरडाल्यात की!”

सगळे हसले. कोणी मोबाईल काढून ती गंमत टिपायला लागले. मायाप्पांची बायको पारूबाई म्हणाली, “उपासना, बंद कर गं बाई. पोटात ढवळालंय माझ्या.”

उपासनाने हट्टाने मला उलटे करून दुसरी बाजू लावली. तो थोराड वादक श्वास फुंकू लागला आणि मायाप्पा ताडकन उठले. अंगणातल्या नळावर जाऊन ते कितीतरी वेळ चुळा भरत राहिले. माझी त्यांना किळस आली, असेच सर्वांना वाटले. मलाही तसेच वाटले आणि मला त्या सर्वांची किळस आली.

उपासना कामावर बेळगावला परत गेली. पारूबाईच्या लोणच्याच्या बरणीचे झाकण फुटले होते. माझे माप बरोबर बसले. मधल्या भोकातून मुंग्या जाऊ नयेत म्हणून तिने माझ्यावर वाटी पालथी घातली. मित्रांनो, माझ्या बारीक रेघांमध्ये ट्रामशेडमधला श्वासन्‌श्वास कोरलेला आहे. तिथे आता तेल, हिंग आणि मोहरीची डाळ चिकटली. वर माश्या बसायच्या. आपले जगणे असे आंबट व्हावे याची मला शिसारी आली.

एके दिवशी पारूबाई विहारात गेलेली असताना मायाप्पा स्वयंपाकघरात आले. त्यांनी वाटी बाजूला केली, मला उचलले आणि साबणाच्या कोमट पाण्याने रेघांच्या वळणाने धुतले. मग जुन्या मलमलीने टिपून दुसरी बाजू लावली. ऐकून झाल्यावर, पारूबाई येण्याआधी, मला पुन्हा बरणीवर ठेवले. पुढे असे रोजच घडू लागले.

कारखान्याला सुट्टी होती म्हणून उपासना अचानक घरी आली, तेव्हा मायाप्पा माझ्यासमोर डोळे मिटून बसले होते. त्यांचे गाल फुगत होते, बोटे हवेत हलत होती.

“आप्पा, तुम्हाला आवडलंय हे?”

“आवडाय ती काय बासुंदी हाय?” मायाप्पा म्हणाले. “ह्यो मानूस ऐक. ह्येच्या नरड्यात कायतरी अडकलंय. त्यो गिळंना. भाईर काढालाय.” हात खाली घेऊन ते म्हणाले, “मी छातीमुळं न्हाय सोडलं गं वाजवायचं.”

मग त्यांनी सांगितले. सदलग्याजवळच्या एका गावात मारुतीरावांच्या भावाची वरात होती. मारुतीराव त्या भागातले बडे प्रस्थ. वरातीपुढे देवळापर्यंत तिथे बँडवाले हवे असायचे, पंगतीला मात्र चालायचे नाहीत. मारुतीराव गुटखा चघळत नाचत आले.

“त्येनं माझ्या वाद्याचं तोंड धरलं आनि आत थुकला. ‘वाजीव’ म्हनाला. समदी हसली. वरात कुठं थांबतीया? खालनं लाल लाल गळालतं आनि मी वाजवालतो. तवापास्नं ते तोंडाला लावायचं म्हनलं की आतडी वर येत्यात.”

“शामूकाका होते?”

“व्हता की. त्यो बी हसला. भ्यालता म्हनून हसला.”

उपासनाने मान वळवली. दारात पिशवी घेऊन पारूबाई उभी होती. तिने सगळे ऐकले होते. तिने पिशवी खाली ठेवली. बरणीवर तिने एक ताटली ठेवली आणि मला स्वच्छ उशीच्या अभ्र्यात घातले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, उपासना पुन्हा सुट्टीला घरी आलेली असताना, शामू मोठ्या उत्साहात आला. “मायाप्पाण्णा, मारुतीरावांचा वाढदिवस हाय. जुन्या कलावंतांचा सत्कार हाय. तुमचं बी नाव हाय, माझं बी. शाल घालनार हायेत. एक गानं तेवढं वाजवायचं.”

“जायचं नाही, आप्पा,” उपासना म्हणाली. “त्या माणसाच्या हातून शाल?”

“जायचं,” पारूबाई म्हणाली. “पर आदी वाद्य धुवायचं.”

तिने स्वतः पेटी माळ्यावरून काढायला लावली. काठीला कापड गुंडाळून ती वाद्याच्या तोंडात आतपर्यंत फिरवली. कापडावर वाळलेला काळपट लाल थर आला. पारूबाईने ते चुलीत टाकले. मग बाहेरून चिंचेने पितळ घासले. त्या दिवशी तिला जेवण गेले नाही.

मायाप्पा रोज माझ्यासोबत वाजवू लागले. सुरुवातीला वाद्य ओठांना लागले की त्यांना उमासे यायचे. ते नळावर जायचे, चूळ भरायचे, परत यायचे. हळूहळू त्यांनी तो उमासाच वाद्यात सोडायला सुरुवात केली.

सत्काराच्या दिवशी उपासनाने मला पिशवीत घालून बरोबर नेले, कारण मायाप्पांनी तसे सांगितले होते. मंगल कार्यालय भरले होते. पारूबाईही आमच्याबरोबर बसली होती. दाराशी मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत मारुतीरावांच्या नावाचे फलक लावलेले होते. शामूच्या खांद्यावर शाल पडली. मग मायाप्पांची पाळी आली.

“हे आमचे मायाप्पा!” मारुतीराव माईकवर म्हणाले. “आमच्या घरातल्या सगळ्या लग्नांत हेच वाजवायचे. घरचाच माणूस. वाजवा मायाप्पा, काहीतरी गोड वाजवा.”

मायाप्पांनी वरातीची ओळखीची चाल सुरू केली. लोक टाळ्या वाजवू लागले. मग चाल मध्येच तुटली. नुसता श्वास ऐकू येऊ लागला, मग नळीत काहीतरी घोळल्याचा आवाज, मग घशातून वर चढणारी गुरगुर. मागे तरुण पोरे हसली. मायाप्पा थांबले नाहीत. पोटातले सगळे वर येताना माणूस जसा वाकतो तसे ते वाकले आणि वाद्यातून असा आवाज निघाला की पहिल्या रांगेतल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. हसणे थांबले. माझ्यातला तो थोराड वादक कधी निपाणीला आला नाही. पण त्याची शिसारी आणि मायाप्पांची शिसारी एकाच जातीची आहे, हे मला त्या पिशवीत बसून कळले.

“बास, बास,” मारुतीरावांचा माणूस पुढे आला.

मायाप्पांनी वाद्य तोंडापासून काढले आणि व्यासपीठाच्या गालिच्यावर पालथे धरले. वाजवताना आत साचलेले पाणी थेंब थेंब गळले.

“मारुतीराव,” ते म्हणाले, “सदलग्याच्या वरातीतलं तुमचं ऱ्हायलंतं माझ्याकडं. आज परत दिलं.”

मारुतीराव हसले. कॅमेऱ्याकडे पाहून म्हणाले, “कलावंत माणूस हो, चालायचंच.” पण ते मायाप्पांकडे बघेनात. शामूने अंगावरची शाल काढून खुर्चीवर ठेवली आणि मान खाली घालून तो खाली उतरला. आमच्याजवळ येऊन म्हणाला, “मी त्या दिवशी हसाय नको हुतं, पारूआक्का.”

“व्हय,” पारूबाई म्हणाली, “नको हुतं.” तिने त्याला यापेक्षा जास्त काही दिले नाही. पण घरी निघताना तिने त्याला मागेही ठेवले नाही.

तिथे आमच्यातले कोणी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी मायाप्पांच्या वादनाची चित्रफीत हसऱ्या चेहऱ्यांच्या चिन्हांसकट सगळ्यांच्या मोबाईलवर फिरली. मारुतीरावांचे फलक जागच्या जागी राहिले. मला याचीही शिसारी आली. पण सत्काराहून घरी आल्यावर मायाप्पांनी भाकरी मागून घेतली, पुन्हा मागून घेतली आणि मधे एकदाही ते नळावर गेले नाहीत.

मित्रांनो, तबकडीला धूळ, ऊन आणि तेल सोसत नाही. तिला मऊ कापडाने पुसा, उभी ठेवा. आणि एखादा आवाज कानाला बोचला, तर तो बंद करण्याआधी, त्यावर हसण्याआधी, थोडा वेळ त्याच्यापाशी बसा. गोड वाजवा म्हणणाऱ्यांनी वाजवणाऱ्याला काय गिळायला लावले आहे, ते तुम्हाला ठाऊक नसते.

मी आता झिजले आहे. दुसऱ्या बाजूला, त्या थोराड वादकाच्या श्वासापाशी, माझ्यावर सुई अडते आणि पुढे सरकत नाही. उपासना म्हणाली, “आप्पा, अशीच दुसरी मागवते.”

“नको,” मायाप्पा म्हणाले. त्यांनी सुई उचलली, मला अभ्र्यात ठेवले आणि तिथून पुढचे स्वतः वाजवायला घेतले.