चार नंबरचं दार

मामंजी म्हणाले, "आज सगळी दारं नीट उघडली, तर पुढचं हॉस्पिटलचं काम तुम्हा दोघींपैकी एकीच्या हाती देतो." म्हणाले दोघींना, बघत होते धाकटीकडे. माझ्या धाकट्या जावेकडे. माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली.

अहो, या बयेला स्क्रू ड्रायव्हर धरायला शिकवलं कुणी? मी! बारा वर्षं मी घरच्या धंद्यात कार्डानं उघडणारी कुलपं बसवतेय. ही आली परवा-परवा, आणि आता उठता-बसता 'धाकटीचा हात किती साफ!' माझा नवरासुद्धा तेच म्हणतो. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय.

प्रयोगशाळेच्या आठ खोल्या. चार दारं तिची, चार माझी. कुलपं चुंबकाची, वीज आहे तोवर दार घट्ट धरतात, वीज गेली की सोडतात. आगीची घंटा वाजली की कुलपाची वीज तुटायलाच हवी, नाहीतर माणूस आत अडकला. मी चार नंबरच्या दाराची वायर पेटीत जोडत होते आणि डोळे होते समोर, शिडीवरच्या धाकटीवर. वायर कशी सोलते, कुठे चुकते का! चुकत नव्हती मेली. वर गुणगुणत होती.

आमच्याकडची रीत अशी की एकीनं जोडलेल्या दारामागे चाचणीच्या वेळी दुसरीनं उभं राहायचं. जोडणारीच्या पोटात गोळा आला पाहिजे, असं मामंजींचं म्हणणं. मी तिच्या पाच नंबरात गेले, ती माझ्या चारात. घंटा वाजली आणि पाच खटकन सुटलं. खोटं कशाला बोलू, ते अडकलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

बाहेर येऊन बघते तर सात दारं उघडी, फक्त चार नंबरचं बंद. आतून धाकटी दार ढकलत होती. मी धावत जाऊन पेटी उघडली. लाल वायर घंटेच्या रिलेतून, म्हणजे वीज तोडणाऱ्या खटक्यातून, न नेता मी सरळ बॅटरीला जोडली होती! नवखासुद्धा असं करणार नाही. वायर उपटली, तेव्हा दार सुटलं.

"हे कुणी जोडलं?" मामंजी गरजले.

उपटलेली वायर अजून माझ्या हातातच होती.

"मी, मामंजी," घामाघूम धाकटी बाहेर येत म्हणाली. "ताईंचं डोकं दुखत होतं, म्हणून शेवटची वायर मी जोडली."

हिला कुणी सांगितला होता हा शहाणपणा? गप्प बसले तर काम माझं होतं. मामंजींचा चेहरा उतरलाही होता. पण मग जन्मभर हिचे उपकार वागवायचे? त्यापेक्षा शिव्या परवडल्या.

"खोटं बोलतेय ती!" मी ओरडलेच. "वायर माझी, चूकही माझी."

मामंजी मला रागावलेसुद्धा नाहीत. धाकटीकडे बघत म्हणाले, "मोठ्या जावेसाठी पोर स्वतःवर घ्यायला निघाली होती. हॉस्पिटलचं काम हीच बघेल."